अलंकार, रागमाला आणि दगड गोळा करणारा माणूस

शाळेत मराठीच्या पेपरात हमखास येणारा तो प्रश्न आठवतो? खालील ओळीतला अलंकार ओळखा. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, यमक. त्याच दिवशी संध्याकाळी गाण्याच्या क्लासला गेलात, तर बाई पेटीवर सा धरून म्हणायच्या, चला, आधी अलंकार म्हणू या. मग सारेग, रेगम, गमप. आणि घरात लग्न निघालं की आजीच्या कपाटातून ठुशी, तोडे, बुगड्या बाहेर यायच्या. तेही अलंकारच!

एकच शब्द. कवितेतही तोच, गाण्यातही तोच, दागिन्यांच्या डब्यातही तोच. असं का, हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही. पडला असता तरी आपण म्हणालो असतो, सोपं आहे, अलंकार म्हणजे सजावट. कविता सजते, सूर सजतात, माणूस सजतो. संपला विषय.

१९३९ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात राहणाऱ्या एका एकसष्ट-बासष्ट वर्षांच्या गृहस्थांनी नेमका हाच विषय घेऊन एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की आपण सगळे उलटं धरून बसलोय. 'अलम्' म्हणजे पुरेसं आणि 'कृ' म्हणजे करणं. अलंकार म्हणजे एखादी गोष्ट तिच्या कामासाठी पुरेशी करणं, सज्ज करणं. नंतर वरून चिकटवलेलं काहीतरी, हा अर्थ मागाहून आला. हाच प्रवास त्यांनी इतर भाषांतही दाखवला. ग्रीक 'कॉस्मॉस' म्हणजे आधी नीट लावलेली व्यवस्था, मग घोड्याचा साज किंवा बाईचा दागिना. इंग्रजीतला 'ऑर्नमेंट' म्हणजे एकेकाळी चर्चमधल्या पूजेची आवश्यक सामग्री. म्हणजे बघा, योद्ध्याची तलवार हा त्याचा अलंकार. ती काढून घेतली तर तो कमी सुंदर दिसत नाही, तो योद्धाच राहत नाही.

या गृहस्थांचं नाव आनंद केंटिश कुमारस्वामी. आर्ट स्कूलमध्ये शिकणाऱ्यांनी हे नाव ऐकलं असेल, बाकीच्यांनी बहुधा नाही. आणि ऐकलं असलं तरी नटराजावर लिहिणारे कोणीतरी जुने पंडित, एवढंच. म्हणून आज त्यांची गोष्ट. साहित्य, संगीत आणि रोजच्या वापरातल्या वस्तू या तिन्ही गोष्टी एका नजरेने पाहणारा एवढा मोठा माणूस विसाव्या शतकात दुसरा क्वचितच झाला. आणि त्या नजरेला एक जागा अजिबात दिसत नव्हती, हेही आधीच सांगून ठेवतो. तिथे आपण येणारच आहोत.

मधल्या नावातला तो 'केंटिश' काय प्रकार आहे? वडील सर मुत्तू कुमारस्वामी, श्रीलंकेतले तमिळ हिंदू, बॅरिस्टर, पाली ग्रंथांचे इंग्रजी अनुवादक. आई एलिझाबेथ बीबी, इंग्लंडच्या केंट परगण्यातली. तिच्या परगण्याचं नाव मुलाला मिळालं. जन्म कोलंबोचा, २२ ऑगस्ट १८७७. मूल दीड-दोन वर्षांचं असताना आई त्याला घेऊन इंग्लंडला गेली, वडील मागून येणार होते. ते आलेच नाहीत. १८७९ मध्ये जहाजात पाय ठेवण्याआधीच ते वारले. मुलगा इंग्लंडमध्ये वाढला, तिथल्या शाळेत शिकला आणि विषय कोणता निवडला? भूगर्भशास्त्र.

हो, दगड! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भूगर्भशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र, पुढे डी.एस्सी. सेरेंडिबाइट नावाचं एक खनिज त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर जगापुढे आणलं, थोरियनाइटच्या शोधाशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे. १९०३ साली ते श्रीलंकेच्या खनिज सर्वेक्षणाचे संचालक झाले. वय पंचविशीच्या आसपास. सरकारी पगार, मान, पुढचा रस्ता अगदी सरळ.

पण भूगर्भशास्त्रज्ञाला पायी फिरावं लागतं. बैलगाडी, तंबू, डोंगर, गावं. दगड बघायला निघालेल्या या माणसाला वाटेत चटया विणणाऱ्या बाया दिसल्या, लाखेचं काम करणारे, ढोल बनवणारे, कुंभार, सोनार, देवळांच्या भिंती रंगवणारे चितारी दिसले. आणि त्यांचं काम बंद पडत चाललेलंही दिसलं. कँडीचं राज्य १८१५ साली इंग्रजांच्या हाती गेलं होतं. राजा असताना कारागिरांना कामाच्या बदल्यात जमिनी होत्या. राजाच गेल्यावर ती घडी मोडली, बाजारात बाहेरून यंत्राचा माल येऊ लागला. एका गावात युरोपी वेश केलेली एक स्थानिक आई आणि तिचं मूल त्यांना दिसलं. तो वेश त्यांच्या अंगाला कुठूनच शोभत नव्हता. हे दृश्य त्यांच्या डोक्यातून जाईना. १९०५ मध्ये त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली, नावाचा अर्थ 'उसनी पिसं'. गंमत अशी की हे लिहिणारा माणूस स्वतः इंग्रजी शाळेत शिकलेला, इंग्रजीत विचार करणारा. उसनी पिसं त्याच्याही अंगावर होतीच. कदाचित म्हणूनच ती त्याला इतकी टोचली.

तीन वर्षांत त्यांनी नोकरी सोडली. आता दगडांऐवजी कारागीर.

त्या फिरस्तीतून जे पुस्तक झालं ते मध्ययुगीन सिंहली कलेवरचं. १९०८ साली इंग्लंडमधल्या ब्रॉड कॅम्पडन नावाच्या खेड्यात ते छापून पूर्ण झालं. छपाईला पंधरा महिने लागले आणि प्रती किती काढल्या? फक्त ४२५. हाताने जुळवलेले खिळे आणि ज्या यंत्रावर विल्यम मॉरिस यांनी आपली गाजलेली पुस्तकं छापली होती तेच यंत्र. हस्तकारागिरीवरचं पुस्तक कारखान्यात छापून कसं चालेल, असा सरळ हिशेब! पुस्तकातले फोटो त्यांच्या पहिल्या पत्नी एथेल यांनी काढलेले. पुढे विणकर म्हणून त्यांनी स्वतःचं मोठं नाव केलं.

या पुस्तकात राजवाडे आणि देवळं आहेतच, पण कंगवे, पानदान, विळे, तेलाची भांडी, भरतकामाचे टाके हेसुद्धा तितक्याच गांभीर्याने नोंदवले आहेत. कारागीर कोणती हत्यारं वापरतो, मापं कोणत्या ग्रंथातून घेतो, काम सुरू करताना कोणता विधी करतो, सगळं. बुद्धमूर्तीचे डोळे रंगवण्याच्या विधीचं वर्णन त्यात आहे. मूर्ती पूर्ण झाली तरी डोळे रंगवेपर्यंत ती नुसती वस्तू. मुहूर्त पाहून, बाकीच्यांना बाहेर काढून चितारी डोळे रंगवतो आणि मग ती बुद्ध होते. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर कधी पाहिलाय? सगळा रंग मारून झालेला असतो, पण आखणीला खास हात लागतो. तो ब्रश टेकवतो आणि मूर्ती आपल्याकडे बघायला लागते. कँडीचा चितारी आणि पेणचा आखणी करणारा, दोघांना एकमेकांचं काम सांगावं लागलं नसतं.

आता १९१०. लंडनमध्ये हिंदुस्थानी कलेवर एक व्याख्यान होतं. अध्यक्ष होते सर जॉर्ज बर्डवुड. हे साहेब जन्माने बेळगावचे, मुंबईत डॉक्टर आणि प्राध्यापक म्हणून राहिलेले. भायखळ्याचं राणीच्या बागेतलं म्युझियम, आज आपण ज्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो, ते उभं करण्यात त्यांचा हात होता. आपल्या कारागिरीवर मनापासून प्रेम करणारा माणूस. पण त्या सभेत त्यांनी भूमिका घेतली की हिंदुस्थानात कारागिरी आहे, उच्च कला मात्र नाही. समोर जावामधल्या एका बुद्धमूर्तीचा फोटो होता. चरबी घालून उकडलेल्या पुडिंगच्या गोळ्यातूनही तेवढीच शांतता व्यक्त होईल, अशी त्यांनी तिची थट्टा केली.

गदारोळ झाला. इंग्लंडमधल्या तेरा कलावंत-लेखकांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून निषेध केला आणि पाठोपाठ 'इंडिया सोसायटी' स्थापन झाली. कुमारस्वामी संस्थापकांपैकी एक. पण इथे एक बारीक मुद्दा आहे. हिंदुस्थानातही उच्च कला आहे, एवढंच सिद्ध करायचं असतं तर काम सोपं होतं. त्यांना कारागिरी आणि कला ही फाळणीच मान्य नव्हती. पाण्याचा घडा आणि बुद्धाची मूर्ती यांत फरक आहे तो कामाचा. एक तहान भागवतो, एक ध्यानाला बसायला मदत करते. दोन्ही आपापल्या कामाला पुरेशा असल्या की सुंदर. अलंकार या शब्दावरचा निबंध तीस वर्षांनी आला, पण त्याचं बी इथे आहे.

त्याच काळात ते उत्तर हिंदुस्थानात फिरत होते. जुन्या चित्रांची पानं विकत घेत होते. जयपूर, पंजाब, कांगड्याच्या आसपासचा डोंगराळ भाग. तोवर अशा सगळ्या लघुचित्रांना लोक सरसकट मुघल म्हणून मोकळे होत. कुमारस्वामींनी म्हटलं, थांबा. ही दरबारातली बादशहाची तसबीर आणि ही पावसात कृष्णाची वाट पाहणारी राधा, ही एका घरची चित्रं नाहीत. राजस्थान आणि पंजाबच्या डोंगरी संस्थानांतली ही वेगळी परंपरा. तिला त्यांनी राजपूत चित्रकला हे नाव दिलं आणि १९१६ मध्ये त्यावर दोन खंडांचा ग्रंथ काढला.

आणि हे त्यांना दिसलं कसं? रंग, रेषा यांवरून तर दिसलंच, पण जास्त करून कवितेवरून. चित्रांच्या माथ्यावर किंवा पाठीमागे ओळी लिहिलेल्या असत. केशवदासाची 'रसिकप्रिया' ज्याने वाचली नाही त्याला समोरची नायिका रुसली आहे, की वाट बघते आहे, की फसवली गेली आहे, हे कळणार कसं? कुमारस्वामी कवितेचं पुस्तक एका हातात आणि चित्र दुसऱ्या हातात धरून बसले. विद्यापतीच्या पदांचा इंग्रजी अनुवादही त्यांनी याच वर्षांत एका बंगाली सहकाऱ्याबरोबर केला.

यातली रागमालेची चित्रं तर मला फार आवडतात. तुम्ही पाहिली नसतील तर जरूर पाहा. कल्पना अशी की प्रत्येक राग हा एक पुरुष, त्याच्या रागिण्या. सहा राग, प्रत्येकाच्या पाच रागिण्या, मिळून छत्तीस पानं. तोडी म्हणजे वीणा घेऊन रानात उभी असलेली एकटी तरुणी आणि तिच्या सुरांनी ओढली गेलेली हरणं. भैरवी म्हणजे शिवलिंगाची पूजा करणारी स्त्री. मेघ म्हणजे काळ्या ढगांखाली नाचणारा कृष्ण. एका पानावर कविता, राग आणि चित्र. आज आपण हे तीन वेगळ्या विभागांत शिकतो. मराठी विभाग एका इमारतीत, संगीत दुसऱ्या, चित्रकला तर वेगळ्याच कॉलेजात! ज्याने ते पान रंगवलं त्याला ही भिंत माहीतच नव्हती. आणि कुमारस्वामींनी ते पान बघताना ती भिंत मानायला नकार दिला.

पुढच्या अभ्यासकांनी त्यांची काही गणितं चुकीची ठरवली, हे सांगायलाच हवं. काही चित्रांचा काळ त्यांनी फार मागे नेला होता. मुघल आणि राजपूत यांच्यामध्ये त्यांनी ओढलेली रेघ फारच जाड होती. प्रत्यक्षात चितारी या दरबारातून त्या दरबारात जात, एकमेकांचं उचलत. पण मुळात इथे बघण्यासारखं काही आहे, हे जगाला त्यांनीच सांगितलं.

गाण्याची गोष्ट तर त्यांच्या घरातलीच. दुसऱ्या पत्नी अॅलिस रिचर्डसन, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या. हिंदुस्थानात आल्यावर कपूरथळ्याच्या अब्दुल रहीम या उस्तादांकडे त्या गाणं शिकल्या आणि रतनदेवी या नावाने मैफली करू लागल्या. लंडनच्या सभागृहात जमिनीवर बसून, तंबोरा जुळवून एक इंग्रज बाई हिंदुस्थानी गाणी म्हणते आहे, असं दृश्य डोळ्यांपुढे आणा. १९१३ साली पंजाब आणि काश्मीरमधल्या तीस गाण्यांचं त्यांचं पुस्तक आलं. सुरावट रतनदेवींनी लिहून घेतलेली, शब्दांचे अनुवाद आणि प्रस्तावना कुमारस्वामींची. पुढचे दोन शब्द लिहिले रवींद्रनाथ टागोरांनी. गाण्याची चाल एकाने टिपायची, शब्द दुसऱ्याने फोडायचे, तंबोऱ्याचा अखंड सूर का लागतो हे समजावून सांगायचं, असं ते काम होतं. १९१७ मध्ये नंदिकेश्वराच्या 'अभिनयदर्पणा'चा अनुवादही त्यांनी प्रसिद्ध केला, बोटांच्या मुद्रांसकट. त्यात सहकारी होते दुग्गिराला गोपालकृष्णय्या, जे पुढे आंध्रातले स्वातंत्र्यचळवळीचे नेते झाले.

ग्रामोफोन मात्र त्यांना मुळीच खपत नसे. त्यावर त्यांनी स्वतंत्र लेखच लिहिला. तबकडी आली की माणसं स्वतः गायची बंद होतील, गाणं ही विकत घ्यायची गोष्ट होईल, ही भीती. हार्मोनियमवरही राग. आपल्याकडे हे वाचून कुणालाही थोडं हसू येईल. पेटीशिवाय संगीत नाटक ही कल्पना तरी करता येते का? गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्रात? पण पेटीविरोध ही तेव्हा फक्त त्यांची लहर नव्हती. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दारच बंद केलं आणि ते जवळपास तीन दशकं बंद राहिलं. तबकडीबद्दल म्हणाल, तर अब्दुल करीम खाँसाहेब आणि बालगंधर्व तुमच्या-माझ्या कानावर आज पडतात ते त्या तबकड्यांच्याच कृपेने. म्हणजे कुमारस्वामी इथे चुकले? अर्धे चुकले. कारण बसमध्ये कानात इअरफोन घालून बसलेल्या पन्नास जणांपैकी घरी जाऊन मोठ्याने गाणारे किती, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आता ती न दिसलेली जागा.

कारागिरांचं जग त्यांना इतकं सुंदर वाटलं, की ते जग ज्या समाजरचनेवर उभं होतं तिचीही त्यांनी पाठराखण केली. बापाचा धंदा मुलाने करायचा, जातीने काम ठरायचं, यात त्यांना सुरक्षितता आणि जन्मजात कौशल्य दिसलं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. सतीच्या प्रथेमागच्या आदर्शाची भलामण करणारा लेख त्यांनी ब्रिटनमधल्या एका समाजशास्त्रीय नियतकालिकात लिहिला. तो १९१३ च्या सुमाराचा.

हा लेख न्यूयॉर्कमध्ये एका मराठी विद्यार्थ्याने वाचला. वय पंचवीस, कोलंबिया विद्यापीठ, नाव भीमराव आंबेडकर. मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या एका चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींच्या उगमावर निबंध वाचला आणि त्यात कुमारस्वामींच्या या लेखाचा उल्लेख करून तो बाजूला सारला. आंबेडकरांचा मुद्दा धारदार होता. सती, लादलेलं वैधव्य, बालविवाह या प्रथांचा गौरव करणारं तत्त्वज्ञान भरपूर सापडतं. पण ती प्रथा सुरू का झाली, हे ते तत्त्वज्ञान सांगत नाही. गौरव नंतर आला, आधी गरज होती. जातीबाहेर लग्न होऊ द्यायचं नाही, हा बंदिस्तपणा टिकवण्याची गरज. नवरा मेलेली बाई त्या बंदिस्त हिशेबात जास्तीची ठरते, म्हणून तिला जाळा किंवा जन्मभर विधवा ठेवा.

क्षणभर या दोघांना शेजारी ठेवून पाहा. त्याच १९१६ साली रतनदेवींच्या कार्यक्रमांसाठी कुमारस्वामीही अमेरिकेत आलेले होते. एकाने चटई विणणाऱ्या हातांत शतकांचं ज्ञान पाहिलं आणि ते खरं होतं. दुसऱ्याने विचारलं की त्या हातांना चटई सोडून दुसरं काही करायची मुभा होती का, आणि तेही खरं होतं. सुंदर घडा घडवणाऱ्याच्या घरात देवळाचं पाणी चालतं का, हा प्रश्न कुमारस्वामींनी विचारला नाही. कोलंबोतल्या सर कुमारस्वामींच्या मुलाला तो कधी विचारावाच लागला नव्हता. मला त्यांची पुस्तकं आवडतात, पण या पानांपाशी मी दर वेळी अडकतो. फुले-आंबेडकर वाचून मोठ्या झालेल्या कुणाचंही असंच होईल.

जमवलेल्या चित्रांचं पुढे काय झालं? कुमारस्वामींची इच्छा होती की हा सगळा संग्रह हिंदुस्थानातच राहावा. काशीमध्ये राष्ट्रीय संग्रहालय उभं करा, माझी सगळी चित्रं देतो, असा त्यांचा प्रस्ताव होता. पैसे उभे राहिले नाहीत. आपल्या संस्थानिकांच्या आणि शेठजींच्या तिजोऱ्या तेव्हा रिकाम्या होत्या असं नाही. चित्रांच्या जुन्या पानांसाठी त्या उघडल्या नाहीत, एवढंच. त्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. पारतंत्र्यातल्या देशाच्या माणसाने ब्रिटिश सैन्यात का जावं, अशी त्यांची भूमिका, त्यामुळे इंग्लंडमध्ये राहणं अवघड झालं. १९१७ साली डेन्मन रॉस या श्रीमंत अमेरिकन रसिकाने तो संग्रह विकत घेऊन बॉस्टनच्या फाइन आर्ट्स म्युझियमला दिला आणि चित्रांबरोबर कुमारस्वामीही तिथे गेले. भारतीय विभागाचे प्रमुख म्हणून. पुढची तीस वर्षं तिथेच.

बॉस्टनमधल्या त्या तीस वर्षांतलं काम अफाट आहे, सगळं सांगत बसत नाही. 'शिवाचे नृत्य' हा निबंधसंग्रह १९१८ चा, नटराज जगभर पोचला तो बराचसा त्यामुळे. १९२७ मध्ये त्यांनी दाखवलं की बुद्धमूर्ती ही ग्रीकांची देणगी नाही, मथुरेच्या यक्षमूर्तींमध्ये तिची मुळं सापडतात. आणि हो, ग्रामोफोनला नावं ठेवणाऱ्या याच माणसाने १९२४ साली आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांची २७ छायाचित्रं म्युझियमच्या संग्रहात आणली. फोटोला कला मानायला मोठी म्युझियम्स तेव्हा तयार नव्हती. यंत्राने गाणं वाजवलेलं नको, यंत्राने काढलेलं चित्र चालेल! माणसं अशी असतात.

शेवटच्या पंधरा वर्षांत ते वस्तूंकडून कथांकडे वळले. एक नमुना सांगतो. इंग्लंडमधली मध्ययुगीन कथा आहे. राजा आर्थरच्या दरबारात एक हिरवा सरदार येतो. गवेन नावाचा वीर त्याचं मुंडकं उडवतो. तो सरदार शांतपणे आपलं मुंडकं उचलतो, ते मुंडकं बोलतं आणि गवेनला वर्षाने भेटायला बोलावतं. आता आपल्याकडची इंद्र आणि नमुची यांची कथा. तुला दिवसा मारणार नाही, रात्री नाही, ओल्याने नाही, सुक्याने नाही, असं वचन इंद्राने दिलेलं. मग त्याने संधिप्रकाशात, पाण्याच्या फेसाने नमुचीचं डोकं उडवलं. नृसिंहाची गोष्ट आठवली ना? आणि ते तुटलेलं डोकं मित्रद्रोही म्हणत इंद्राच्या मागे लागलं. १९४४ मध्ये कुमारस्वामींनी या दोन कथा शेजारी ठेवल्या आणि म्हटलं की यज्ञाची, बळीची, पुन्हा जोडल्या जाणाऱ्या मस्तकाची ही एकच गोष्ट आहे. डान्टे आणि वेद, प्लेटो आणि उपनिषदं, सूफी आणि ख्रिस्ती संत, असं ते जोडत गेले. तळटिपा इतक्या की कधीकधी पानावर मूळ मजकूर शोधावा लागतो.

हे पटावं असं माझं म्हणणं नाही. दोन कथा सारख्या आहेत म्हणून त्या एकाच झऱ्यातून आल्या, हे सिद्ध होत नाही. ही कथा कुठून कुठे, कोणाबरोबर, कोणत्या शतकात गेली, असं इतिहासकार विचारतो. कुमारस्वामींना त्या प्रश्नात रसच नव्हता. पण वाचताना एक होतं. गवेनची गोष्ट परकी राहत नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला बॉस्टनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांनी स्वातंत्र्याचा समारंभ केला, त्यात ते बोलले. आठवड्याने सत्तरी पूर्ण झाली. म्युझियमची नोकरी सोडून भारतात परत यायचं, हिमालयाच्या पायथ्याशी कुठेतरी राहायचं, हा बेत त्यांनी मित्रांना सांगून टाकला होता. ९ सप्टेंबरला बॉस्टनजवळच्या नीडमच्या घरी ते गेले. सामान बांधायचं राहून गेलं.

काशीला ज्यांच्यासाठी भिंत मिळाली नाही, ती पानं बॉस्टनलाच आहेत. म्युझियमच्या संकेतस्थळावर जाऊन शोधा, फुकट दिसतात. तोडी सापडली तर चित्र मोठं करून हरणांचे डोळे बघा. आणि शेजारी, तबकडीवरून का होईना, कुणाची तरी तोडी लावा.